वाटीभर खडे

मुलींचं पथक माझ्या गळ्यात पडलं ते माझ्याकडे शिटी होती म्हणून. यात तिखटमीठ काही नाही. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं माहेर सौसरचं, सासर पांढुर्ण्याचं, आणि मुलींच्या शाळेत मी नुकतीच लागले होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, एकदा सगळ्या शिक्षिकांना विचारलं की गणवेश, झेंडा, कवायत असलेलं मुलींचं एक पथक काढायचं आहे, शिटी कोणाकडे आहे. माझ्याकडे होती. माझे वडील संत्र्याच्या बागेतली माकडं हाकलायला ती वापरत. मी हात वर केला आणि त्या दिवसापासून माकडं गेली, मुली आल्या. आवाज तेवढाच लागला.

शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, पण शनिवारचं पथक अजून सुटलेलं नाही. गुडघ्यांनी राजीनामा दिला आहे, मी दिलेला नाही. लोक विचारतात, "बाई, काय मिळते तुमाले यातून?" कोणाला मी सांगते की व्यायाम होतो. कोणाला सांगते, मी घरी बसले तर सुनेचं डोकं खाईन. ही दोन्ही कारणं खरीच आहेत. तिसरं जरा लांबचं आहे आणि ते गहू निवडण्यापासून सुरू होतं.

पथक मिळाल्यावर मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथून मी एक हिंदी पुस्तिका आणि नको इतका उत्साह घेऊन परत आले. पुस्तिकेतली एक गोष्ट मला फार आवडली. पथकातल्या प्रत्येक मुलीनं रोज एक भलं काम करायचं. सकाळी गळ्यातल्या स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि काम झालं की ती सोडायची. आमच्याकडे बायका काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारतातच, त्यामुळे मुलींना हे समजावायला एक मिनिटही लागलं नाही. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पदरची दोन कलमं त्यात घातली. एक, रोजचं काम भलाईत धरायचं नाही, भलाई वेगळी पाहिजे. दोन, आजची गाठ आज सुटली नाही तर ती तशीच ठेवायची आणि उद्या तिच्या शेजारी दुसरी मारायची. शनिवारी मी स्कार्फ तपासणार.

पथकात बत्तीस मुली होत्या. बत्तीस मुलींना रोज एकेक भलं काम पुरवायचं म्हणजे पांढुर्ण्यासारख्या गावावर मोठाच ताण होता. तिघींनी मिळून पोस्टमनची सायकल धुतली, तिला अडकवलेल्या पिशवीतल्या पत्रांसकट. बसस्टँडवर एकीनं एका बाईची पेटी न विचारता गाडीवर चढवून दिली. बाई सौसरला गेली, पेटी वरुडला. एकीनं नदीकाठी चरणाऱ्या चार शेळ्या चुकलेल्या समजून घरी आणून बांधल्या. सावरगावचा त्यांचा मालक संध्याकाळपर्यंत जाम नदीच्या दोन्ही काठांनी हाका मारत हिंडला. मग तो शाळेत आला. "बाई," तो मला हात जोडून म्हणाला, "तुमच्या पोट्ट्याईले आवरा. भलं करा, पण आमचं नका करू."

गावानं असं हात वर केल्यावर मुलींना एक हक्काचं ठिकाण सापडलं, आणि ते म्हणजे माझं घर. तिथे माझ्या सासूबाई होत्या. शेतावरून आल्या की ओसरीवर बसून सुपात गहू निवडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, हा त्यांचा उद्योग. संध्याकाळी एखादी मुलगी गाठीचा स्कार्फ घेऊन रडवेल्या चेहऱ्यानं दाराशी आली की त्या म्हणायच्या, "ये माय. मले खडे दिसत नाहीत. निवडून दे थोडेसे." मुलगी बसायची, पाच-पन्नास खडे काढायची, गाठ सोडायची आणि उड्या मारत जायची. मग दुसरी यायची.

मला नवल वाटायचं ते एवढंच, की आमचा गहू निवडून कधी संपत नसे. चार-चार मुलींच्या हाताखालून गेला तरी त्यात खडे असायचेच. शेतात आमचा कापूस आणि थोडी संत्री, गहू विकतचा. तेव्हा दोष अर्थातच दुकानदाराचा. एके दिवशी मी दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला झाडलं. गहू विकता की नदीची वाळू, असं विचारलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून त्यानं गुळाचा एक खडा बांधून दिला. मी तो विजयी मुद्रेनं घरी आणला. सासूबाईंनी त्यातला तुकडा तोंडात टाकला आणि दुसरीकडे पाहू लागल्या.

पथकात नववीतली एक मुलगी होती. रेल्वेच्या लायनीपलीकडच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या मागे तिचं घर. अंगानं काटक, कवायतीत सगळ्यांत सरळ. माझ्या शिटीवर ती अशी ताठ व्हायची की बाकीच्या एकतीस जणी त्यापुढे ढिल्या वाटायच्या. पण पहिल्याच शनिवारी तिच्या स्कार्फला सहा गाठी होत्या. दुसऱ्या शनिवारी बारा. मी विचारलं, "एकही भलं काम झालं नाही?" ती म्हणाली, "नाही, बाई." बाकीच्या खुशाल काहीही सांगत. किराणावाल्याच्या मुलीनं सांगितलं की तिनं एका मुंगीला पाण्यातून काढलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. ही मात्र नाही म्हणजे नाही. तिसऱ्या शनिवारी स्कार्फ आखडून गळ्यापुरताही उरला नव्हता. ती तो धुवून आणायची, गाठींसकट. माझं डोकं फिरलं. "घरी काय झोपा काढून राहिली का?" असं मी सगळ्यांसमोर विचारलं. ती रांगेत परत जाऊन ताठ उभी राहिली.

थंडीत मोहगावला तीन दिवसांचं शिबिर ठरलं होतं. दोन तंबू, एकेकात आठ जणी, म्हणजे सोळा मुली नेता येणार होत्या. मुली तंबूसाठी वेड्या झाल्या होत्या, कारण तंबूत झोपलेलं माणूस त्यांच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं. ही मुलगी तर एकदा मधल्या सुट्टीत एकटीच माझ्याकडे आली. "बाई, तंबूत खाली गादी टाकतात का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सतरंजी. ती म्हणाली, "चालते." मग थांबून म्हणाली की पुढच्या वर्षी तिचं नाव शाळेतून काढणार आहेत, नववी झाली की पुरे, असं घरी ठरलंय. म्हणजे तिच्यासाठी शिबिर होतं ते हेच. मला हे माहीत होतं. तरीसुद्धा यादी लावली तेव्हा तिचं नाव मी त्यात घातलं नाही. अठरा गाठी असलेल्या मुलीला नेलं तर नियमाला काय अर्थ, असं मी मोठ्या बाईंना ठणकावून सांगितलं. नियम माझाच होता. तिनं यादी वाचली, मला सॅल्यूट केला आणि वर्गात गेली.

त्यानंतरच्या रविवारी सासूबाईंचा पाय मुरगळला. एरवी शेतावर जाणं, वेचणीवर देखरेख करणं हे त्यांचं काम. मी शाळेची नोकरी दाखवून शेतापासून लांब राहिलेली. "आज तू जाय," त्या म्हणाल्या. "पाण्याचा हंडा अन् भाकरी पोचवून दे बायांले. अन् शिटी घेऊन जाजो, संत्र्यावर माकडं आली असतीन."

शेतात दहा-बारा बाया कापूस वेचत होत्या. ऊन लागू नये म्हणून सगळ्यांची डोकी आणि तोंडं फडक्यांत गुंडाळलेली, कमरेला ओट्या बांधलेल्या, त्यात कापूस. प्रत्येकीची आपापली पात असते, म्हणजे वेचायला धरलेल्या दोन-दोन ओळी. आपली पात संपवून धुऱ्यावर पोहोचायचं, म्हणजे शेताच्या कडेला, आणि मग पुढची पात धरायची. मी धुऱ्यावर बसून पाहू लागले. काम नसलेल्या माणसाला काम चांगलं दिसतं. एक मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. दोन्ही हात असे चालत होते की बोंडाला कळत नसावं. तिची पात संपली, ती धुऱ्यापर्यंत आली, पण नवी पात न धरता मागे वळली. शेताच्या मधोमध एक म्हातारी एकटीच मागे राहिली होती. मुलगी तिच्यासमोर गेली आणि तिचीच पात उलट्या बाजूनं वेचत तिच्याकडे येऊ लागली. दोघी मधे भेटल्या. मुलीनं आपल्या ओटीतला कापूस म्हातारीच्या ओटीत टाकला. पुढच्या पातीला पुन्हा तेच. मला ते फार बरं वाटलं. आमच्या पथकातल्या मुलींना हे दाखवायला हवं, असं मी मनात म्हटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

जेवायची वेळ झाली. हाका मारत बसायचा कंटाळा, म्हणून मी शिटी काढली आणि एक लांब वाजवली.

बाया दचकल्या, मग हसल्या. म्हातारीनं माकड कुठं आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. आणि ती पुढची मुलगी कापसाच्या ओळीत सावधान उभी राहिली. टाचा जुळलेल्या, हात सरळ, हनुवटी वर, कमरेला ओटी. माझ्या शिटीवर इतकं सरळ उभं राहणारं अख्ख्या पांढुर्ण्यात एकच माणूस होतं. तिनं तोंडावरचं फडकं काढायच्या आधीच मी ओळखलं.

"तू इथं काय करून राहिली?" मी विचारलं.

"कापूस वेचून राहिली, बाई."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. सकाळी शाळेच्या आधी, अन् रविवारी आख्खा दिवस."

हे शेत आमचं. दिवाळीपासून ती आमच्याच शेतात येत होती आणि मी शनिवारी तिला झोपा काढते का म्हणून विचारत होते. मला उन्हातही कान गरम झालेले कळले.

"अन् ते म्हातारीची पात?"

"तिचे डोळे गेले, बाई. तिले बोंड दिसत नाही, चाचपून वेचते. मांगं राहिली तं उद्या कोणी बोलावत नाही तिले. अन् फुकटचं ते घेत नाही. मंग आमी घेतो तिची पात."

"आमी म्हणजे कोण?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"मंग गाठ काहून नाही सोडली?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की मीच काहीतरी विसरले आहे. "तुमीच तं सांगतलं, बाई. रोजचं काम भलाईत नाही धरायचं. हे तं रोजचंच होय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, त्यात मी कमी पडत नाही.

घरी येऊन मी हंडा आदळला. सासूबाई पायाला हळद-चुना लावून बसल्या होत्या. मी त्यांच्यावरच ओरडले, की ती मुलगी आपल्या शेतात येते हे मला सांगितलं का नाही. "तू विचारलं का कधी, शेतात कोण येते म्हणून?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "कोठीमागं एक वाटी हाय. आन इकडे."

वाटीत खडे होते. धुतलेले, निवडक, गव्हाच्या दाण्याएवढे खडे.

"हे कायचे?"

"गव्हाचे. पोट्टी निवडून जाते, मंग मी परत टाकून देतो सुपात. दुसरी येते ना मांगून गाठ घेऊन. तिले काय देऊ?"

पहिल्यांदा मला दुकानदार आठवला. त्याचा गूळ आम्ही खाऊनही टाकला होता. मग सगळ्या टाळ्या आठवल्या. माझ्या पथकाची निम्मी भलाई या वाटीतून निघत होती आणि संध्याकाळी वाटीत परत जात होती. सासूबाई हसत होत्या. हसता हसता थांबून म्हणाल्या, "ते गाठीवाली काहून नाही आली वं आपल्या घरी कधी? तिलेही देल्ले असते खडे." ती आमच्या घरात येऊन धान्याला हात लावायला का आली नसेल, हे मला कळत होतं आणि विचारता विचारता त्यांनाही कळलं. दुसऱ्या दिवशी त्या लंगडत लंगडत लायनीपलीकडे गेल्या, तिच्या घरी आत जाऊन बसल्या, चहा घेतला आणि मुलीला शिबिराला पाठवायचं म्हणून तिच्या आईला सांगून आल्या.

चूक कबूल करायची वेळ आली की माझ्या जिभेला फोड येतो. तरी सोमवारी मी पथक उभं केलं आणि वाटी समोर ठेवली. सगळं सांगितलं. मुंगीवाली आधी फिदीफिदी हसली, मग तिचं तोंड पडलं. मी म्हटलं की नियम चुकीचा होता, तो मी केला होता आणि आजपासून तो नाही. आठाच्या तंबूत नऊ झोपल्यानं तंबू फाटत नाही. यादीत सतरावं नाव आलं.

आता ती खूश होईल असं मला वाटलं. ती पुढे येऊन म्हणाली, "मी नाही येत, बाई."

"काहून?"

"तीन दिवस म्हातारीची पात कोण धरील?"

शिबिराला न जाणाऱ्या पंधरा जणी होत्या, त्यांतलीच एक मुंगीवाली. तिनं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत हात वर केला. "आमी धरू," ती म्हणाली. तिनं आयुष्यात कापूस पाहिला होता तो फक्त गादीत. मग बाकीच्यांचेही हात वर गेले. त्या तीन दिवसांत शाळेच्या आधी पाच-पाच जणी आमच्या शेतात गेल्या. नंतर सासूबाई महिनाभर सांगत होत्या की असा कापूस त्यांनी जन्मात पाहिला नाही. त्यात काड्या, वाळलेली पानं, कच्ची बोंडं आणि एक रिबीन होती. म्हातारीनं पाच जणींना ओळीत उभं करून वेचायचं कसं ते शिकवलं, आणि शिकवताना तिचीच पात आणखी मागे पडली. पण तीनही दिवस ती शेवटी धुऱ्याला पोहोचली.

तिच्या स्कार्फच्या गाठी सोडायचा आम्ही प्रयत्न केला. पाण्यात भिजून वाळून त्या दगड झाल्या होत्या. नखांनी, सुईनं, दातांनी, कशानंच सुटल्या नाहीत. शेवटी मी माझा स्कार्फ तिला दिला आणि तिचा माझ्या पेटीत ठेवला. तो अजून तिथेच आहे. माझ्याकडे स्कार्फ उरला नाही, म्हणून शिबिरात मी पदरालाच गाठ मारली.

मोहगावच्या शाळेच्या मैदानात तंबू लागले. पहिल्या दिवशी सकाळी कवायत, मग स्वयंपाक. वांग्याची भाजी करपली आणि तरी संपली. जेवण झाल्यावर अर्धा तास विसावा आणि बरोबर दोन वाजता शिटीवर कबड्डीला जमायचं, असा माझा हुकूम होता. वेळेच्या बाबतीत मी तेव्हा फार कडक होते. दोनला पाच कमी असतानाच मुली येऊन उभ्या राहिल्या. मोजल्या तर सोळा.

मी तंबूत डोकावले. ती सतरंजीवर झोपली होती. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात डोक्याखाली. बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी बोटं ओरबाडलेली होती. माझा स्कार्फ तिच्या गळ्यात होता आणि त्याला त्या दिवसाची एक गाठ. आदल्या दिवशीपर्यंत ही मुलगी या वेळी कधी आडवी झाली असेल, असं मला वाटत नाही. शिटी माझ्या ओठांत होती. मी वाजवली असती तर ती झोपेतही सावधान उभी राहिली असती, याची मला खात्री होती.

मी शिटी काढली आणि पोलक्यात टाकली. बाहेर येऊन मुलींना सांगितलं की आजची कबड्डी मनातल्या मनात म्हणायची, जी मोठ्यानं म्हणेल ती बाद. सोळा मुली तोंड मिटून, गाल फुगवून एकमेकींच्या तंगड्या ओढत राहिल्या. कोणाचा दम कधी संपला ते कोणाला कळत नव्हतं, त्यामुळे भांडणंही खाणाखुणांनी झाली. मी तंबूच्या तोंडाशी बसून राहिले. ऊन कलायला लागलं तशी मी माझ्या पदराची गाठ सोडली.

चहाच्या वेळेला ती डोळे चोळत बाहेर आली. सूर्य कुठे गेला ते पाहून घाबरली आणि टाचा जुळवून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, शिटी नाही वाजली का?"

"नाही," मी म्हटलं. "बिघडली."